काउंटर आणि ऑनलाइन दुकान: एकच यंत्रणा की जोडलेल्या दोन?

लहान दुकानाला ऑनलाइन विक्रीची जोड मिळाली की बिलिंगसाठी कोणती यंत्रणा घ्यावी, हा प्रश्न बहुतेक वेळा नावांच्या यादीपासून सुरू होतो. माझ्या मते तो आधी रचनेचा प्रश्न आहे. नावे नंतर येतात. एका रचनेत काउंटर आणि ऑनलाइन दुकान या एकाच यंत्रणेच्या दोन बाजू असतात आणि माल, ग्राहक व ऑर्डर यांची नोंद एकाच जागी होते. शॉपिफाय आणि स्क्वेअर ही या रचनेची परिचित उदाहरणे. दुसऱ्या रचनेत काउंटरवर एक बिलिंग सॉफ्टवेअर असते, ऑनलाइन दुकान वेगळे, बहुधा वर्डप्रेस या संकेतस्थळे बनवण्याच्या साधनावरील वूकॉमर्समध्ये उभारलेले असते, आणि दोहोंचा साठा जुळवत ठेवणारे एखादे प्लगइन (मूळ सॉफ्टवेअरला जोडायचा पूरक भाग) किंवा त्रयस्थ सेवा मध्ये काम करते. मी आधी दुसऱ्या रचनेवर दुकान चालवले आणि नंतर पहिलीकडे आलो. पुढे जे लिहितो आहे त्याला काटेकोर मोजणीचा आधार नाही, रोजच्या वापराचा आहे.

पहिल्या रचनेतील ही दोन नावे आज एकमेकांच्या जवळ उभी असली, तरी ती उलट दिशांनी आली आहेत. शॉपिफाय २००६ मध्ये ऑनलाइन दुकान उभारण्याचे साधन म्हणून सुरू झाले आणि काउंटरवरची विक्री त्यात २०१३ मध्ये आली. स्क्वेअरची सुरुवात २००९ मध्ये झाली ती मोबाइलला लावायच्या छोट्या कार्ड रीडरच्या कल्पनेतून, आणि २०१८ मध्ये वीबली ही संकेतस्थळे बनवणारी कंपनी विकत घेतल्यावर तिची ऑनलाइन बाजू भक्कम झाली. हा मूळ पिंड अजूनही जाणवतो. ज्यांची बरीचशी विक्री ऑनलाइन आहे, मालाचे अनेक रंग, आकार आणि छायाचित्रे सांभाळायची आहेत, त्यांना शॉपिफाय जवळचे वाटेल; ज्यांचा धंदा मुख्यतः काउंटरवर आहे आणि ऑनलाइन विक्री ही पुरवणी आहे, त्यांना स्क्वेअरमध्ये कमी शिकावे लागेल. मात्र स्क्वेअर मोजक्याच देशांत उपलब्ध आहे. शॉपिफायची स्वतःची पेमेंट सेवाही सर्वत्र मिळत नाही. ती न वापरता बाहेरचा गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी दुसरी सेवा घेतली, तर ऑनलाइन विक्रीवर शॉपिफाय वेगळे शुल्क आकारते. आपल्या देशात यातले काय चालते हे आधी पाहिले, तर अर्धी निवड तिथेच होऊन जाते.

दुसऱ्या रचनेबद्दल मला आजही आदर आहे, आणि तिची बाजू नीट मांडली पाहिजे. वूकॉमर्स हे २०११ पासून चालत आलेले मुक्त स्रोत (ओपन सोर्स) प्लगइन आहे. २०१५ पासून ते ऑटोमॅटिक या कंपनीकडे आहे. त्यातील माहिती आपल्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये राहते, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची सेवा) पसंत नसेल तर सगळे उचलून दुसरीकडे नेता येते, आणि मूळ प्लगइनला मासिक वर्गणी नाही. काउंटरवर आधीपासून एखादे सॉफ्टवेअर रुळलेले असेल, हाताखालच्या माणसांना त्याचे शॉर्टकट पाठ असतील, तर केवळ ऑनलाइन विक्रीसाठी ते बदलणे जिवावर येते, आणि ते योग्यच आहे. शिवाय संगणकावर थेट बसवलेले बिलिंग सॉफ्टवेअर इंटरनेट गेले तरी थांबत नाही. गर्दीच्या वेळी याची किंमत कळते.

या रचनेबद्दलची पहिली शंका सहसा साठ्याची असते: शेवटचा नग काउंटरवर विकला गेला आणि त्याच वेळी तो ऑनलाइनही विकला गेला तर काय? ही अडचण खरी आहे, पण तिचा बाऊ जरा जास्तच केला जातो. जोड देणारी सेवा ठरावीक अंतराने साठा जुळवत असेल तर तेवढ्या वेळाची फट राहते. प्रत्येक विक्रीनंतर लगेच निरोप धाडणारी सेवा असेल तर फट फार लहान होते. एकाच यंत्रणेतसुद्धा ग्राहक शेवटचा नग हातात धरून रांगेत उभा असताना दुसरा कोणी तो घरून मागवू शकतो. एक-दोन नग ऑनलाइन न दाखवता राखून ठेवले की बहुतेक प्रसंग टळतात. याहून जास्त त्रास मला मालाच्या संकेतांकांनी दिला. जोड देणारी सेवा दोन्हीकडचा माल एसकेयू, म्हणजे मालाच्या प्रत्येक प्रकाराला दिलेला संकेतांक, पाहून जुळवते, आणि एका बाजूला संकेतांकाच्या शेवटी एखादी मोकळी जागा पडलेली असली तरी काही सेवा तो नग कसलीही सूचना न देता वगळून पुढे जातात. प्रत्येक आकाराला आणि प्रत्येक रंगाला स्वतंत्र एसकेयू देण्याची शिस्त कोणत्याही रचनेत हवीच. जोडलेल्या रचनेत तिच्यावाचून एक पाऊलही पडत नाही.

माझा निर्णय मात्र साठ्यावरून झाला नाही, परत आलेल्या मालावरून झाला. ऑनलाइन घेतलेली वस्तू परत करायला ग्राहक दुकानात येतो, कारण त्याला ते सर्वांत सोपे वाटते, आणि त्याच्या दृष्टीने दुकान एकच असते. तो पार्सलमधली चिठ्ठी पुढे करतो. त्यावरचा ऑर्डर क्रमांक काउंटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की शोधाची चौकट रिकामी येते, कारण त्या सॉफ्टवेअरला फक्त स्वतः केलेली बिले माहीत असतात. मग एक कोरे बिल उघडून त्यात तोच नग उणे एक असा टाकायचा. किंमत येते ती यादीतली; ग्राहकाने कूपन लावून प्रत्यक्षात किती दिले, ते दुसऱ्या खिडकीत ऑनलाइन दुकान उघडून पाहायचे आणि हाताने भरायचे. दोन वस्तूंपैकी एकच परत आली असेल, तर कूपनची सवलत त्या एकीच्या वाट्याला किती आली याचे गणित ग्राहकासमोर कॅल्क्युलेटरवर करायचे. पैसे परत करताना आणखी अडचण येते: मूळ रक्कम ऑनलाइन गेटवेतून आलेली असते आणि काउंटरवरच्या कार्ड मशीनला त्या व्यवहाराचा पत्ताच नसतो. रोख देऊन मोकळे व्हावेसे वाटते, पण ते करू नये. मूळ व्यवहार खुला राहिल्याने पुढे त्याच रकमेवर बँकेकडे तक्रार आली, तर पैसे दुसऱ्यांदा जाऊ शकतात. म्हणजे पुन्हा गेटवेच्या पानावर जाऊन परतावा तिथून करायचा.

इथपर्यंत ही नुसती दगदग झाली. खरा घोटाळा यानंतर होतो. काउंटरवर उणे बिल केल्याबरोबर साठा एकाने वाढतो आणि जोड देणारी सेवा ती वाढ ऑनलाइन दुकानाला कळवते. पुढे संध्याकाळी कोणीतरी ऑनलाइन ऑर्डरवर परताव्याची नोंद करतो, आणि तिथे ‘माल पुन्हा साठ्यात घ्या’ या पर्यायावर खूण आधीच केलेली असते. साठा आणखी एकाने वाढतो. फळीवर एक नग, पडद्यावर दोन. जो नग अस्तित्वातच नाही तो काही दिवसांनी ऑनलाइन विकला जातो, आणि तेव्हा ही चूक कुठे झाली हे शोधायला कोणत्याही एका अहवालात पुरेशी माहिती नसते, कारण दोन्ही सॉफ्टवेअर आपापल्या जागी बरोबर असतात. काउंटरचा दिवसाखेरचा हिशोबही बिघडतो: गल्ल्यातून पैसे गेलेले नाहीत, पण उणे बिल तर आहे. आमच्याकडे यासाठी एक वही ठेवावी लागली होती, आणि ज्या कामासाठी दोन सॉफ्टवेअर आणि एक जोड-सेवा घेतली, तेच काम शेवटी वहीत होत होते. सर्वच जोड-सेवा अशा वागतात असे म्हणणे अन्यायाचे होईल; काही सेवा ऑनलाइन ऑर्डरसुद्धा काउंटरवर आणून दाखवतात. पण निवडताना बहुतेकांचे लक्ष माल आणि साठा जुळतो की नाही याकडे असते, ऑर्डर जुळते का हे विचारले जात नाही.

मी पुढे शॉपिफायकडे गेलो ते यासाठी. तिथे काउंटरवरून ऑनलाइन ऑर्डर शोधता येते, त्यातला परत आलेला नग निवडता येतो, सवलत वजा जाऊन त्याची रक्कम आपोआप निघते, आणि परतावा मूळ पेमेंटशी जोडलेला राहतो. माल साठ्यात एकदाच परत जातो, कारण साठ्याची नोंदच एक आहे. काउंटरवर उभ्या माणसाला काहीही आठवावे लागत नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. नव्याने कामाला लागलेला माणूसही माल परत घेऊ शकतो. काउंटरवरच्या काही सोयी मात्र वरच्या योजनेतच मिळतात, तिची वर्गणी प्रत्येक दुकानामागे वेगळी असते, आणि योजनांमधील सोयी बदलत राहतात. म्हणून परत घेणे आणि अदलाबदल या दोन गोष्टी नेमक्या कोणत्या योजनेत आहेत, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. इंटरनेट गेले की अशा यंत्रणा लंगड्या होतात. रोखीची विक्री बहुधा चालू राहते, पण ऑनलाइन ऑर्डर शोधणे थांबते. काही यंत्रणा इंटरनेट नसताना कार्ड स्वीकारून व्यवहार नंतर पाठवतात, पण तो तेव्हा नाकारला गेला तर नुकसान सहसा दुकानाचे असते. वर्गणी दर महिन्याला चालूच राहते. साधनांबाबत अर्धी मोकळीक आहे: बारकोड स्कॅनर संगणकाला बहुधा कीबोर्डसारखा दिसतो, त्यामुळे तो कुठेही चालतो, पावतीचे बरेच प्रिंटर एप्सनच्या ईएससी-पीओएस आज्ञा समजतात आणि गल्ल्याचा खण प्रिंटरलाच जोडलेला असतो. फक्त कार्ड रीडर त्या त्या कंपनीचाच लागतो आणि यंत्रणा बदलली की तो निरुपयोगी होतो. बाहेर पडताना मालाची आणि ग्राहकांची यादी सहज काढता येते, पण जुन्या ऑर्डर नव्या घरात नीट बसवणे सोपे नसते. ज्यांना स्वतःच्या माहितीवर पूर्ण ताबा हवा आहे, त्यांना ही बाब निर्णायक वाटू शकते, आणि मी त्यांच्याशी वाद घालणार नाही.

त्यांच्यासाठी ओडू हे व्यवसाय सांभाळण्याचे सॉफ्टवेअर हा एक मधला मार्ग आहे. त्याच्या मुक्त स्रोत आवृत्तीत काउंटर आणि ऑनलाइन दुकान दोन्ही असून ती एकाच डेटाबेसवर चालतात, आणि ते स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येते. मी ते दुकानात लावलेले नाही, केवळ चाचणीपुरते पाहिले आहे. रचना मला पटली, परंतु ते बसवायला आणि अद्ययावत ठेवायला हाताशी जाणकार माणूस हवा असे वाटले. असा माणूस असेल तर त्याचा जरूर विचार करावा. तसेच ज्या दुकानात ऑनलाइन घेतलेला माल दुकानात परत येतच नाही, किंवा परत घेण्याची पद्धतच नाही, तिथे जोडलेल्या दोन यंत्रणा बदलण्याचे मला तरी फारसे कारण दिसत नाही.

कोणतीही यंत्रणा घेण्यापूर्वी चाचणीच्या काळात एक गोष्ट करून पाहावी. स्वतःच ऑनलाइन दोन वेगवेगळ्या वस्तू कूपन लावून मागवाव्यात आणि पैसे खरोखर भरावेत. मग काउंटरवर जाऊन त्यातली एक परत करावी, आणि हे काम स्वतः न करता रोज काउंटर सांभाळणाऱ्या माणसाला करू द्यावे. त्यानंतर तीन आकडे पाहावेत: त्या नगाचा साठा दोन्हीकडे किती दिसतो, परत आलेली रक्कम कूपन धरून बरोबर आहे का, आणि दिवसाखेरचा अहवाल गल्ल्यातील रोकडीशी जुळतो का. विक्रेत्याचा प्रतिनिधी प्रात्यक्षिक देत असेल तर त्यालाही हेच करून दाखवायला सांगावे, आणि त्यासाठी त्याला किती खिडक्या उघडाव्या लागतात ते मोजावे.