‘ब्रोकन हार्बर’: खुनी कळल्यावरही न सुटलेलं पुस्तक

ताना फ्रेंचची ‘ब्रोकन हार्बर’ मी पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. आता थंडी सरत आली तरी ती उशाशीच आहे. पहिल्या वाचनात खून कोणी केला, एवढंच हवं होतं. दुसऱ्या वाचनात उत्तर माहीत होतं आणि पुस्तक तेव्हाच जास्त आवडलं. मधे एका मैत्रिणीला दिलं होतं, तिने शंभरेक पानांत परत आणून दिलं. तिचंही पूर्ण चुकलं असं म्हणणार नाही.

प्रकरण असं: डब्लिनच्या उत्तरेला समुद्रकाठी एक अर्धवट बांधलेली वसाहत. तिथल्या एका घरात बाप आणि दोन लहान मुलं मरून पडलेली, आई इस्पितळात मृत्यूशी झुंजत असलेली. घर चकाचक, पण भिंतींना मोठमोठी भोकं पाडलेली आणि जागोजागी बाळाच्या खोलीत ठेवतात तसले मॉनिटर लावलेले. ही भोकं कशासाठी, हा प्रश्न मला खुनी कोण यापेक्षाही जास्त छळत राहिला.

तपास करणारा मिक केनेडी हाच निवेदक. हे पुस्तक ज्या मालेतलं, त्या ‘डब्लिन मर्डर स्क्वॉड’च्या २००७ ते २०१६ मधल्या सहा कादंबऱ्यांत दरवेळी निवेदक बदलतो. आधीच्या पुस्तकातलं एखादं बाजूचं पात्र पुढे येऊन बोलायला लागतं. याच्या आधीच्या ‘फेथफुल प्लेस’मध्ये हाच केनेडी आखडू वाटला होता. इथे त्याच्या डोक्यात शिरल्यावर कळतं, की इस्त्रीचा सूट, नियम, शिस्त या सगळ्याला तो बुडणाऱ्यासारखा धरून बसलाय. त्याचा ठाम समज असा, की खून बहुतेक वेळा आपणहून घरात शिरत नाही, माणसंच त्याला कुठून तरी वाट करून देतात. आणि समोर असं कुटुंब, ज्यांनी सगळं रीतसर केलं: लग्न, नोकरी, कर्ज काढून घर. त्यांचं काय चुकलं हे शोधणं त्याच्यासाठी नुसतं कर्तव्य नाही, कारण याच किनाऱ्यावर त्याच्या लहानपणीचं काहीतरी अडकलेलं आहे. दुसऱ्या वाचनात लक्षात येतं, की पुराव्याचा अर्थ तो कुठे कुठे आपल्या सोयीने लावत होता. तो खोटं बोलत नाही. त्याला जे दिसायला हवं असतं तेच आधी दिसतं, आणि आपणही त्याच्या मागून मान डोलावत जातो.

चौकशीच्या खोलीतले प्रसंग तर मी सुटे काढून पुन्हा वाचले. केनेडी नवशिक्या रिचीला शिकवतो: कुठे गप्प बसायचं, कुठे मऊ व्हायचं, खुर्ची किती जवळ ओढायची. फ्रेंचबाई मुळात ट्रिनिटी कॉलेजात अभिनय शिकलेल्या, ते इथे जाणवतं. आणखी एक गोष्ट माहीत असली तर मजा वाढते. आयर्लंडमध्ये चौकशी चालू असताना वकिलाला शेजारी बसू देण्याची पद्धत २०१४ मध्ये सुरू झाली. हे पुस्तक २०१२चं. म्हणून त्या खोलीत संशयित आणि दोन पोलीस, एवढेच. पिस्तुलं, पाठलाग यांची हौस असेल तर निराशा होईल. गणवेशातला आयरिश पोलीस एरवी बंदूक बाळगतच नाही.

वसाहतीचं वर्णन मात्र काल्पनिक वाटू नये. २००८ नंतर आयर्लंडची घरबांधणी कोसळली आणि २०१० च्या सरकारी पाहणीत अर्धवट वसाहती निघाल्या २,८०० हून जास्त. रस्त्यावर दिवे नाहीत, शेजारी नाहीत, घराची किंमत कर्जापेक्षा खाली. विकून निघून जाण्याचीही सोय उरत नाही. बिल्डर गायब झाल्यावर हप्ते भरत राहणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या कितीतरी लोकांना वेगळं सांगायला नको. नोकरी गेलेला बाप त्या घरात दिवसभर काय करत असेल, या विचारातूनच कादंबरीतली खरी भीती येते.

आता तक्रारी. पुस्तक लांब आहे, पाचशे पानांच्या पुढे. केनेडीची धाकटी बहीण डीना आली की तपास थांबतो. मैत्रीण तिथेच वैतागली. पहिल्यांदा मीही ती पानं भराभर उलटली होती. दुसऱ्यांदा त्यांची गरज पटली, तरी निम्म्यात भागलं असतं. शेवटाकडे पोलिसांपैकी एकाचा निर्णय मला आजही पटत नाही, त्या माणसाच्या स्वभावात तो बसतच नाही. इंग्रजी डब्लिनच्या बोलीतलं आहे, पहिली पन्नास पानं सांभाळून घ्यावी लागतात. बाबूराव अर्नाळकरांच्या वेगाची सवय असलेल्यांनी हे रेल्वेप्रवासात घेऊ नये, सुट्टीत घ्यावं.

क्रमाने वाचायलाच हवं असं नाही, पण ‘फेथफुल प्लेस’ आधी झालं तर केनेडीचा धक्का नीट बसतो. २०१९ची ‘डब्लिन मर्डर्स’ ही टीव्ही मालिका मालेतल्या पहिल्या दोन पुस्तकांवर आहे, त्यामुळे ती पाहिलेली असली तरी इथलं काही फुटत नाही.