मालवणच्या दांडीवरचं नसबंदी शिबिर : काम चोख, महिना चुकीचा

दांडीला आमचा छोटा होमस्टे आहे. यंदा दिवाळीनंतर आमच्या वाडीत भटक्या कुत्र्या-मांजरांच्या नसबंदीचं आणि रेबीज लसीकरणाचं शिबिर झालं. बाहेरगावचे पशुवैद्य, त्यांच्या हाताखाली कॉलेजची मुलं, सगळे स्वयंसेवक. कुणाकडून पैसा घेतला नाही. आमच्या अंगणातल्या भाट्या (मांजरी) आणि किनाऱ्यावरची ओळखीची कुत्री मी त्यांच्या हवाली केली होती, म्हणून सविस्तर लिहिते.

पकडण्याचं काम पहाटे, रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला माणसं जमायच्या आधी. कुत्र्यांसाठी जाळी; फास नाही, चिमटे नाहीत. मांजरांसाठी पिंजऱ्यात पेडवे (छोटे मासे) ठेवायचे आणि दार पडलं की वरून चादर टाकायची. अंधार झाला की धडका देणारा बोकाही शांत बसतो. प्रत्येक जनावराला नंबर, फोटो आणि कुठून उचललं त्याची नोंद: ‘बंदर, बर्फ कारखान्यामागे’ इतकी नेमकी. एक भाटी दूध पाजणारी निघाली, तिला तासाभरात पिल्लांजवळ परत नेऊन सोडलं.

ऑपरेशनआधी रात्रभर उपास, मग वजन, कारण भुलीचा डोस वजनावर ठरतो. काप लहान, टाके आतल्या आत विरघळणारे. भुलीतच कानाला छोटी खाच पाडतात, म्हणजे तेच जनावर पुन्हा पकडलं जात नाही. आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या काकींनी डॉक्टरांना विचारलंच, "ह्येचो कान कित्याक कापलात?" डॉक्टर हातातलं काम थांबवून त्यांना समजावत बसले. हे मला फार आवडलं. रेबीजची लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते. वीज गेली तेव्हा एक मुलगी बर्फाच्या पेटीतलं थर्मामीटर पुन्हा पुन्हा बघत होती.

पण शिबिराची खरी परीक्षा ऑपरेशननंतर असते. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्र्याला शस्त्रक्रियेनंतर किमान चार दिवस देखरेखीखाली ठेवायचं असतं. घाईच्या शिबिरांत नेमकं हेच गाळलं जातं. इथे शेडमध्ये सुकं गोणपाट, भात-मासळी आणि रोज टाक्यांची तपासणी. एका कुत्रीची जखम सुजली होती, बाकीची गेल्यावरही तिला ठेवून घेतलं.

शेजारच्या एका हॉटेलवाल्यांनी "ही घाटात नेऊन सोडा" म्हणून धरणंच धरलं होतं. डॉक्टर हलले नाहीत. पकडलं त्याच जागी सोडायचं, हा नियम आहे आणि त्यामागे कारण आहे: बंदरावर मासळीची घाण पडतेच, जागा रिकामी झाली की बिनलशीची नवी कुत्री तिथे येतात. लस टोचलेली आपली कुत्री जागेवर असणं हेच आपल्या पोरांचं संरक्षण. मला हे शंभर टक्के पटतं.

आता तक्रार. कुत्र्यांचा भाद्रपद, म्हणजे त्यांचा माजाचा हंगाम, कुठल्या मालवणी माणसाला माहीत नाही? कुत्री साधारण 63 दिवस गाभण असते. दिवाळीनंतर आलात तेव्हा किनाऱ्यावरच्या किती तरी कुत्र्या पोट घेऊन फिरत होत्या, दिवस भरत आलेल्यांना हात लावता आला नाही. त्यांची पिल्लं आता होड्यांखाली आहेत. जून-जुलैत मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, तेव्हा ती काय खाणार? शिबिर फाल्गुन-चैत्रात हवं. हवा कोरडी, जखमा लवकर भरतात आणि भाद्रपदाला अवकाश असतो.

दुसरं, मांजरांचे पिंजरे कमी पडले. बंदरावरचे बोके तसेच राहिले.

आणि लस एकदा टोचून भागत नाही. निदान 70 टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते, पण दरवर्षी नवी पिल्लं येतात आणि जुन्यांना पुन्हा टोचावं लागतं. शेजारी गोव्यात वर्षानुवर्षं घरोघर, गल्लोगल्ली लसीकरण चाललं, तेव्हा कुठे 2021 मध्ये तिथल्या सरकारला रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर करता आलं.

पाचपैकी चार तारे. पुढच्या वेळी फाल्गुनात या. शेडला जागा आणि मुलांचं दोन वेळचं जेवण आमच्याकडे.