मेक्सिकन की सिलेक्शन? आधी टकलाचा विचार करा

जूनचा पहिला पाऊस पडला की सोलापूर रस्त्यावर उरुळी कांचनकडच्या नर्सऱ्यांमधून लॉनचे तुकडे टेम्पोत भरून पुण्यात यायला लागतात. मग ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "तुमच्याकडे मेक्सिकन आणि सिलेक्शन, दोन्ही गवतं आहेत ना? कुठलं लावू?" दोन्ही आहेत, हे खरं. कर्वेनगरला आमच्या घरापुढे मेक्सिकन आणि मागच्या अंगणात सिलेक्शन नंबर एक, अशी मी चार वर्षं काढली. आता प्रमाण बदललंय. ते का बदललं, हे सांगितलं की बहुतेकांना पुरतं.

दिसण्यात मेक्सिकनच पुढे, त्यात वाद नाही. गडद, दाट, पायाला गुबगुबीत. हे झॉयसिया प्रजातीतलं गवत, वाढ मंद. पावसाळ्यातसुद्धा तीनेक आठवड्यांनी कापलं तरी चालतं. सिलेक्शन म्हणजे शेवटी निवडून काढलेली हरळीच. श्रावणात दर आठ-दहा दिवसांनी मशीन फिरवावं लागतं. एक रविवार चुकला, की पुढच्या वेळी सगळी हिरवाई कापली जाते आणि खालचं पिवळं बूड उघडं पडतं. शिवाय ती गुलाबाच्या वाफ्यात घुसते, फरशीच्या फटीत घुसते. हरळीची मुळी उगाच म्हणत नाहीत! तण मात्र मेक्सिकनमध्ये कमी शिरतं, कारण शिरायला जागाच नसते. सिलेक्शनमध्ये लव्हाळा हमखास. वरून उपटला तरी गाठ खाली राहते आणि आठवड्यात पुन्हा पातं वर. इथपर्यंत वाचून तुम्ही मेक्सिकनकडे झुकला असाल. मीही झुकलो होतो.

मग एका वर्षी ऑगस्टमध्ये पंधरा दिवस नुसती भुरभुर लागली. ऊन नाही, वारा नाही. गणपतीच्या आठवडाभर आधी पुढच्या लॉनवर तांबूस गोल डाग दिसले, आधी ताटाएवढे, मग परातीएवढे. आमचे माळीकाका म्हणाले, भूक लागली असेल, आणि त्यांनी मूठ मूठ युरिया फेकला. मीही मान डोलावली. ओल, ढगाळ हवा आणि वरून नत्र, म्हणजे बुरशीला पंगतच. चार दिवसांत डाग एकमेकांना भिडले. पातं ओढून पाहिलं तर बुडाशी कुजून सहज हातात येत होतं, मुळं मात्र जमिनीत घट्ट. तिथे कळलं की हा रोग आहे, उपासमार नाही.

बुरशीनाशक मारलं, रोग थांबला. टक्कल मात्र थांबून राहिलं. दसरा झाला, दिवाळी झाली. थंडीत मेक्सिकन जवळजवळ वाढतच नाही. होळीपर्यंत ते टक्कल कडेने जेमतेम वीतभर आत सरकलं असेल. येणारा प्रत्येक पाहुणा फाटकातच विचारायचा, "इथे काय झालं हो?" सहा महिने तेच उत्तर देऊन मी विटलो. माझं मन तिथेच फिरलं.

कारण त्याच पावसात मागच्या सिलेक्शनवरही डाग पडले होते. ते रोगमुक्त वगैरे अजिबात नाही. पण डागातलं मेलेलं गवत पंज्याने खरवडून काढलं, दोन दिवस ऊन मिळालं आणि आजूबाजूच्या धावत्या काड्यांनी तीन आठवड्यांत जागा भरून टाकली. कुणी विचारलंसुद्धा नाही.

हुमणीचाही, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचाही, अनुभव तसाच. सप्टेंबरमध्ये साळुंक्या आणि कावळे लॉन उकरायला लागले की समजायचं. गवत चादरीसारखं उचललं जातं, कारण खाली मुळंच उरलेली नसतात. माती खरवडली की पांढरी, तपकिरी डोक्याची, वेटोळी अळी दिसते. दौंड-बारामतीकडे उसात हिला सगळे ओळखतात. आमच्याकडे बहुधा कच्च्या शेणखतातून आली. आता खत पुरतं कुजलेलं आणि चाळलेलंच घेतो. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी फाटकाजवळच्या कडुनिंबावर भुंगेरे जमतात. फांद्या हलवून ते पाडतो आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतो. (रस्त्यावरून जाणारे बघतात, बघू देत.) जुलैत ओल असताना खतात मिसळून मेटाऱ्हायझियम टाकतो. ही अळीला मारणारी बुरशी, काम सावकाश करते. मी काही मोजदाद ठेवलेली नाही, पण गेल्या दोन वर्षांत साळुंक्या नुसत्याच फिरून जातात.

मेक्सिकनची आणखी एक गोष्ट नर्सरीत कुणी सांगत नाही. दोन-तीन वर्षांत बुडाशी वाळक्या काड्यांचा जाड थर साचतो. गुबगुबीतपणा असतो तो बराचसा याचाच. पण तो थर पावसात स्पंजासारखा ओला राहतो, आणि औषध मुळांपर्यंत जाऊ देत नाही. फेब्रुवारीअखेर तो पंज्याने ओरबाडून काढला तर फरक पडतो, पण दोन दिवस हातांची बोटं वळत नाहीत. ज्यांना हे जमतं त्यांचं मेक्सिकन सुरेख राहतं. अशी एक-दोन घरं मला माहीत आहेत.

आता उलट बाजू, आणि ती छोटी नाही. सिलेक्शनला सहाएक तास थेट ऊन हवं. शेजारच्या जुन्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट होऊन दक्षिणेला बारा मजले उभे राहणार असतील, तर माझं काही ऐकू नका, मेक्सिकनच लावा. भिंतीलगतच्या सावलीत माझाही एक पट्टा मेक्सिकनचाच आहे, कारण तिथे सिलेक्शन दोनदा विरळ होऊन गेलं. ऊन त्याहून कमी असेल तर दोन्हींचा नाद सोडा. नेचे लावा. आणि रविवारी कापायला माणूस मिळणार नसेल, तरीही सिलेक्शन जरा जपूनच.

कुठलंही लावलं तरी पाणी सकाळीच घाला. संध्याकाळी भिजलेलं गवत रात्रभर ओलं राहतं, बुरशीला तेच हवं असतं. माळीकाकांचं मशीन आमच्या आधी तीन बंगले फिरून येतं. त्यामुळे तिथला रोग सोबत येऊ नये म्हणून मशीनचं पातं धुऊन, पुसून मगच आत घ्यायचं, असं आता ठरलंय. काका कुरकुरतात.

पुढचं अंगण आता सिलेक्शनचं आहे. तुळशीजवळचा कोपरा तेवढा मी औषध न मारता सोडतो. शेजारच्या आजी गणपतीत दूर्वा खुडायला येतात. फवारलेल्या लॉनवरून मी त्यांना एकदा परत पाठवलं होतं, ते त्या अजून विसरलेल्या नाहीत. सिलेक्शन ही हरळीच, तेव्हा चालते, असा त्यांचा निवाडा आहे. मेक्सिकनकडे त्या ढुंकूनही बघत नाहीत.