कुत्र्याचं कूलिंग जॅकेट: नागपूरच्या उन्हाळ्यात चार महिने वापरल्यावर

आमची मिरी गावठी आहे, सहा वर्षांची, सतरा किलोंची आणि छातीवरचा पांढरा ठिपका सोडला तर काळीभोर. मार्चमध्ये सकाळी आठलाच तिच्या पाठीवर हात ठेवला की चटका बसतो. थंडीत आम्ही दोघी सेमिनरी हिल्सवर रोज चार-साडेचार किलोमीटर फिरतो. होळी झाली की ते बंद पडतं, आणि ती पट्टा टांगलेल्या खुंटीखाली बसून राहते. मला ते बघवत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटी २,३०० रुपयांना हे जॅकेट मागवलं. जून संपता संपता हे लिहितेय.

जॅकेटला तीन थर आहेत. वर जाळी, मध्ये पाणी धरून ठेवणारं जाड कापड, आत मऊ अस्तर. बादलीत बुडवायचं, पिळायचं, पाणी ठिबकायचं थांबलं की घालायचं. त्यातलं पाणी उडून जाताना अंगाची उष्णता घेऊन जातं. म्हणजे हा कूलरच झाला, फक्त पंखा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गाद्यांना तेवढा थोडा येतो. बाकी बहुतेक उष्णता धापा टाकून, जिभेवाटे बाहेर काढावी लागते. जॅकेट तिच्या वाटचा घाम गाळतं, असं मी आईला समजावून सांगितलं, आणि तिला ते लगेच पटलं.

मार्च उत्तम गेला. सकाळी साडेसहाला निघून सव्वासातला परत आलो, तरी घरी आल्यावर मिरीची धाप पाच-सात मिनिटांत बसायची. आधी पंधरा मिनिटं तरी लागायची. जॅकेट काढलं की आतले केस गार लागायचे, हे मी रोज हात घालून बघत होते. टेकडीजवळच्या प्याऊवर बसणाऱ्या काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काहून घातलं जी तिले हे, गरम नाही होत का?" मी ओलं कापड त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून आम्ही दिसलो की ते मग्गाभर पाणी तिच्या पाठीवर स्वतःच ओततात.

एप्रिलमध्ये मात्र माझी चूक झाली, आणि ती सविस्तर सांगते, कारण हे जॅकेट घेणाऱ्या कुणाच्याही हातून ती होऊ शकते. एका रविवारी उठायला उशीर झाला. जॅकेट आहे ना, या भरवशावर मी आठ वाजता निघाले. बाटलीतलं पाणी तिला पाजण्यापुरतंच होतं. पस्तीस-चाळीस मिनिटांनी उतारावर मिरी एका कडुलिंबाखाली आडवी झाली आणि उठेचना. जीभ टोकाशी रुंद होऊन बाहेर लोंबलेली, लाळ तारेसारखी चिकट, हिरड्या गडद लाल. जॅकेटला हात लावला तर ते खडखडीत कोरडं आणि वरून तापलेलं. पाणी संपलं की हे जॅकेट साधा कोट होतं, काळ्या कुत्र्याच्या अंगावर भर उन्हात घातलेला. मी ते ओरबाडून काढलं आणि तिला उचलून प्याऊपर्यंत आणलं. काकांनी आणि मी पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर पाणी ओतत ठेवलं, ते पुठ्ठ्याने वारा घालत होते. मग ऑटो करून दवाखाना. ताप १०४.६ फॅरनहाइट निघाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ च्या आसपास असतं आणि १०६ च्या पुढे जिवावर बेततं. आधी पाणी ओतून मग आणलंत हे बरं केलंत, असं डॉक्टर म्हणाले. तिच्यावर ओला टॉवेल गुंडाळून आणला नाही हेही बरं झालं म्हणाले, कारण तो टॉवेल थोड्या वेळात गरम होतो आणि आतली वाफ आतच कोंडतो. संध्याकाळपर्यंत मिरी सावरली. मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्यानंतर आमचं वेळापत्रक बदललं ते कायमचं. एप्रिल-मेमध्ये पहाटे पाचला बाहेर आणि सहाच्या आत घरात, जॅकेट असो नसो. पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर पाणी, एक पिण्याचं आणि एक जॅकेटवर शिंपडायचं. दर पंधरा मिनिटांनी बोटांनी चाचपायचं, कापड नुसतं दमट लागलं तरी पाणी मारायचं. नवतप्यात, म्हणजे २५ मेपासून पुढे, लांब फिरणं पूर्ण बंद ठेवलं. अंगणात नळाखाली खेळणं, एवढंच.

रात्रीचं फिरणं सोपं असेल असं वाटलं होतं, पण आमच्याकडचे रस्ते सिमेंटचे. ऊन जाऊन तीन तास झाले तरी ते धग सोडत असतात, आणि जॅकेट पाठीला गार करतं, तळपायांना नाही. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवून सात आकडे मोजायचे. हात काढून घ्यावासा वाटला तर फिरायचं नाही. मे महिन्यात रात्री नऊलाही मी कितीदा तरी तशीच परत फिरले. पायमोजे आणून बघितले होते. मिरी त्यात बगळ्यासारखे पाय उचलत चालली आणि दुसऱ्या चौकात तिने दोन काढून टाकले.

मुंबई-कोकणातल्या लोकांनी हा भाग नीट वाचावा. मेच्या मध्यात आम्ही आठवडाभर ठाण्याला बहिणीकडे होतो. तिथे तापमान नागपूरपेक्षा आठ-दहा अंशांनी कमी, तरी जॅकेटचा काडीचा उपयोग झाला नाही. दीड तासाने काढलं तेव्हाही ते ओलंच होतं आणि आतून कोमट. हवेतच इतकी ओल असते की कापडातलं पाणी उडत नाही. आपला कूलर पावसाळ्यात जसा नुसता दमटपणा करतो, तसंच. तिसऱ्या दिवशी मिरीच्या काखेत लाल चट्टा उठला, मग ते बॅगेतच राहिलं. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात घ्या. किनाऱ्यावर राहत असाल तर पैसे वाचवा.

शिलाई ठीकठाक. माप मानेचं नाही, छातीच्या घेराचं घ्या, आणि दोन बोटं आत जातील एवढं सैल ठेवा. जॅकेट धुऊन सावलीत पूर्ण वाळवलं नाही तर दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो. चिकटपट्टी, म्हणजे वेल्क्रो, हा खरा कच्चा दुवा. टेकडीवरची कुसळं आणि मिरीचे केस तिच्यात असे गुंततात की मेअखेर ती धरेनाशी झाली. तक्रार केली तर विक्रेत्याने तीस दिवसांची मुदत दाखवली. शेवटी गल्लीतल्या शिंपीकाकांनी पट्टी उसवून तिथे रुंद पट्टा आणि दोन मोठी टिचबटणं लावून दिली, साठ रुपयांत. आता घालायला-काढायला क्षणभर लागतो, आणि त्या रविवारी जसं ओरबाडावं लागलं तसं लागत नाही.