पद्मिनीला ‘इम्पोर्टेड’ इलेक्ट्रिक फॅन बसवून कसं लुटतात

मुंबईत ज्यांच्याकडे जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी गाडी अजून चालती आहे, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितोय. ‘गाडी तापते ना? इलेक्ट्रिक फॅन बसवा, कटकट संपली’ असं सांगून माझ्याकडून साडेअठरा हजार रुपये उकळले. पैसे गेले त्याचं दुःख आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे बॉनेटखालचं वायरिंग पेटता पेटता राहिलं. त्या वेळी मागच्या सीटवर माझी आई बसली होती.

गाडी १९७८ ची, वडिलांनी घेतलेली. १०८९ सीसीचं इंजिन आणि मूळचा डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज देणारं जुन्या पद्धतीचं यंत्र. उन्हाळ्यात लालबाग-परळच्या ट्रॅफिकमध्ये तापायची. पूर्वी अशा वेळी कुठल्याही काळीपिवळीवाल्याला विचारलं की चांगल्या मिस्त्रीचा पत्ता मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या आणि ती सोयही संपली. ही गाडी डोळे मिटून खोलणारे मिस्त्री कुणी गावी गेले, कुणी दुसऱ्या धंद्याला लागले. त्यामुळे ‘क्लासिक कार स्पेशालिस्ट’ अशी पाटी दिसली की माणूस आशेनं आत जातो.

त्या दुकानदाराचं बोलणं मधाळ. “साहेब, हा लोखंडी पंखा इंजिनची ताकद खातो. इटलीचा फॅन लावू. ऑटोमॅटिक आहे, इंजिन तापलं की आपोआप चालू होतो. अ‍ॅव्हरेजपण वाढेल.” फॅन, थर्मोस्विच (इंजिन तापलं की फॅन चालू करणारा स्विच), रिले (फॅनचा जास्तीचा करंट झेलणारा स्विच), वायरिंग असं सगळं मिळून चौदा हजार आणि मजुरी साडेचार. बिल मागितलं तर म्हणाला, “बिल घेतलंत तर जीएसटी वर पडेल.” मी पैसे यूपीआयनं दिले आणि आकडे त्याच्याकडून कार्डाच्या मागे लिहून घेतले. हे दोन्ही पुढं कामाला आलं.

गाडी ताब्यात देताना त्यानं फॅन चालू केला आणि मला समोरच्या जाळीपुढं हात धरायला लावला. “बघा साहेब, काय हवा मारतोय!” खरंच हवा जोरात हातावर येत होती. हे लक्षात ठेवा, कारण सगळी गोम तिथंच होती.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी सायन सर्कलला गाडी अडकली. हेडलाइट मंदावले, चार्जिंगचा लाल दिवा लागला, वेगळ्या बसवलेल्या टेंपरेचर मीटरचा काटा शेवटाला गेला आणि रबर जळाल्याचा वास आला. आईला उतरवलं, बॅटरीची तार काढली आणि गाडी टो करून प्रभादेवीच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. हे काका गेली कित्येक वर्षं फियाटचीच कामं करतात.

काकांनी आधी नुसता वर्तमानपत्राचा कागद मागितला. बॅटरी लावून फॅन चालू केला, कागद जाळीसमोर धरला, तो बाहेर उडाला. इंजिनाचा मूळ पंखा हवा पुढून आत ओढतो. पद्मिनीत रेडिएटर आणि वॉटर पंपाच्या मध्ये मोटरसकट फॅन मावायला जागा नाही, म्हणून हा फॅन रेडिएटरच्या पुढं लावलेला. पुढं लावला तर त्यानं हवा इंजिनाकडे ढकलायला हवी. हा मुळात रेडिएटरच्या मागं बसणारा फॅन. तो नुसता उलटा फिरवून पुढं ठोकला होता आणि त्यामुळे हवा बाहेर फेकत होता. म्हणजे गाडी धावताना समोरून येणाऱ्या हवेलाही तो विरोधच करत होता.

मग काकांनी मोटरचा रंग पेचकसानं खरवडला. काळ्या स्प्रेखाली गंज निघाला आणि ग्राइंडरनं घासून काढलेला नंबर दिसला. कुठल्यातरी छोट्या हॅचबॅकची, भंगारातून आलेली मोटर होती ती. ब्रश झिजलेले, बुशला खेळ. ‘इटालियन’ होता तो फक्त स्टिकर.

खरा संताप पुढं आला. थर्मोस्विच दाखवायला पाइपात बसवला होता, त्याच्या दोन वायरी टेपच्या गुंडाळीत गेल्या होत्या. काकांनी टेप सोडवली तर आत दोन्ही वायरी कापून मोकळ्या सोडलेल्या. फॅन थेट इग्निशनवर जोडलेला, चावी फिरवली की चालू. रिले नाहीच. हॉर्नच्या फ्यूजवरून बारीक वायर ओढलेली आणि फ्यूज उडू नये म्हणून त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला तर मोटर तेरा अँपिअर खेचत होती. डायनॅमो आयडलला, म्हणजे गाडी थांबून इंजिन हळू चालत असताना, जवळपास काहीच करंट देत नाही. म्हणजे ट्रॅफिकमध्ये, जिथं फॅनची गरज, तिथंच तो बॅटरी पिऊन टाकणार. आधी डायनॅमोच्या जागी आयडललाही करंट देणारा अल्टरनेटर बसवल्याशिवाय अशा गाडीला हा फॅन सुचवणारा माणूस एक तर अडाणी, नाहीतर लबाड. कापून टेपखाली लपवलेल्या वायरी बघितल्यावर अडाणीपणाची शंका मला उरली नाही.

शिवाय फॅनची गरजच नव्हती. माझी गाडी ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर वेगात असतानाही तापायची. फक्त थांबल्यावर तापत असेल तर हवेचा प्रश्न असू शकतो. धावतानाही तापत असेल तर आधी रेडिएटर बघायचा. दुकानदारानं हे विचारलंच नाही. रेडिएटरवाल्यानं टाकी उघडून रॉडिंग केलं, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून त्या साफ केल्या, नळ्या क्षारानं बुजलेल्या निघाल्या. खर्च अठराशे.

माझा मूळ लोखंडी पंखा मागायला गेलो तर “भंगारात गेला” असं उत्तर. वर “दुसरा बघून देतो, बावीसशे पडतील.” कुर्ल्याच्या कारखान्यातलं पद्मिनीचं उत्पादन बंद होऊन वीसहून जास्त वर्षं झाली, त्यामुळे मूळ पार्टला आता भाव आहे. मला दाखवायला काढलेल्या पंख्याच्या एका पात्यावर वेल्डिंगचा जाड डाग होता. तो वडिलांनी परळला करून घेतलेला, माझ्याकडे जुना फोटोही आहे. फोटो दाखवल्यावर पंखा गुपचूप मिळाला. पैसे मात्र नाही.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, तेव्हा ‘बिलच नाही तर काय करणार’ म्हणून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, हातानं लिहिलेले आकडे, सोडवलेल्या टेपचे फोटो आणि काकांचा लेखी अभिप्राय मी जोडलाय. तिथं दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, मुदत दोन वर्षांची.

कुणी असा फॅन बसवून घेतला असेल तर आजच बॉनेट उघडा. जाळीपुढं कागद धरून बघा, फ्यूजच्या जागी तार नाही ना ते तपासा आणि थर्मोस्विचच्या वायरी टेपखाली कुठवर जातात ते इलेक्ट्रिशियनकडून सोडवून बघा.