वरण एक नंबर, पाणी सपक: घरगुती डिस्टिलर चार महिने वापरून

अकोटच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी ३१ वर्षं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे पाण्याची वाफ थंड करून मिळणारं पाणी, काढलं. भिंतीवरचा स्टीलचा प्लँट सकाळी सुरू करायचा, खाली काचेची बरणी लावायची आणि टपटप ऐकत बाकीची कामं उरकायची. पण ते पाणी मी कधी प्यायलो नाही, पोरांनाही पिऊ दिलं नाही. विषारी असतं म्हणून नव्हे, तर त्या बरणीत कोण कुठलं पिपेट बुडवून गेलंय याचा भरवसा नसायचा म्हणून.

दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो डिकीत खोकं घेऊनच. "काका, आता आरओ विसरा. हे सगळ्यात शुद्ध पाणी, याने निम्मे आजार जातात." ऑनलाइन साडेनऊ हजारांना घेतलेलं यंत्र. चार लिटरचं स्टीलचं भांडं, ७५० वॅटचं हीटर, झाकणात पंखा आणि गुंडाळलेली स्टीलची नळी, तोटीपाशी कोळशाची छोटी पुडी. म्हणजे आमच्याच प्लँटचं धाकटं भावंड, फक्त वाफ थंड करायला नळाच्या पाण्याऐवजी वारा.

आम्ही खारपाणपट्ट्यातले. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी मचूळ. आमच्या विहिरीचा टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, १९०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० पर्यंत ठीक म्हटलंय आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं. म्हणजे कागदावर आमची विहीर पास! वान धरणाचं नळाचं पाणी चांगलं आहे, २१० च्या आसपास, पण ते रोज येत नाही.

तर मी मुद्दाम विहिरीचंच पाणी यंत्रात ओतलं. पावणेपाच तासांनी चार लिटरच्या जरा आत पाणी मिळालं. टीडीएस मीटरवर आकडा ३. सवय जात नाही, म्हणून एका परीक्षानळीत ते घेऊन कॉलेजात गेलो आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले; पाण्यात मीठ असेल तर ते याने पांढरं होतं. विहिरीचं पाणी दह्याच्या निवळीसारखं पांढरं झालं, यंत्रातलं तसंच्या तसं नितळ. शुद्धतेच्या बाबतीत यंत्राने शब्द पाळला.

एकदा मात्र आकडा थेट ३८ आला. चूक माझी, भांडं खुणेच्या वर भरलं होतं. उकळताना पाणी उडून वाफेबरोबर नळीत जातं आणि क्षारही घेऊन जातं. माहितीपुस्तिकेत हे एका ओळीत, तेही बारीक अक्षरात. दुसरी गोष्ट कोळशाच्या पुडीची. तिला शोभेची समजू नका. क्लोरीनच्या पाण्यात तयार होणारा क्लोरोफॉर्म ६१ अंशालाच उकळतो, तो क्षारांसारखा खाली बसत नाही, वाफेबरोबर निघतो. पुडी वेळेवर बदलायला हवी.

भांड्याच्या तळाशी उरतं ते बघून घरातल्यांनी नाकं मुरडली. पिवळट गढूळ पाणी, कडेला पांढरी पापडी, नखाने खरवडली तर वाळूसारखी कुरकुरते. पुतण्याने फोटो काढून "बघा, हे विष पीत होतात" म्हणून घरच्या ग्रुपवर टाकला. अरे बाबा, तो बहुतेक चुना आणि मीठ. लिंबूफूल टाकून उकळलं की बुडबुडे येऊन निघून जातं. पाण्यात दोन लोखंडी सळ्या बुडवून, करंट देऊन, पाणी तांबडं करून दाखवणारे विक्रेते आठवतात? तिथे सळईचं लोखंड विरघळत असतं. डिस्टिल्ड पाण्यात करंटच जात नाही म्हणून ते नितळ राहतं. युक्ती तीच, फक्त भांडं वेगळं.

आता पिण्याचं. मी स्वतः दोन महिने हेच प्यायलो. काही झालं नाही, ना चांगलं ना वाईट. हे पाणी हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं असं म्हणतात, तसं काही नाही. पोटात गेल्यावर ते जेवणात आणि जठररसात मिसळतंच. आम्लधर्मी असतं म्हणतात, तेही हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळल्यामुळे, सामू (pH) साधारण ५.६. लिंबूसरबत याच्या कितीतरी पट आंबट. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या पाण्याची वाफ करून, समुद्राच्या खोलातल्या गार पाण्याने ती थंड करून, दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी काढायचा प्रकल्प आहे. बेटावरची माणसं तेच पितात.

पण पाण्यातून मिळणारं कॅल्शियम, मॅग्नेशियम बंद होतं हे खरं. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली पाण्यातल्या पोषकद्रव्यांवर जे पुस्तक काढलं, त्यात वर्षानुवर्षं क्षारविरहित पाणी पिण्याबद्दल काळजी व्यक्त केलेली आहे. माझ्या ताटात भाकरी, तीळ, डाळ आहे. रोज एक पेला दूध, म्हणजे जवळपास ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम. माझं भागतं. ज्यांचं जेवणच तुटपुंजं, त्यांनी या नादाला लागू नये. उन्हात राबून आल्यावर तर नुसतं हे पाणी ढोसू नका, मीठ घातलेलं ताक घ्या. आणि किडनीचा आजार असेल तर काय प्यायचं, किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा, पुतण्याला नको.

चव? सौ.ने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "अवो, पाणी पेल्यावानी वाटतच नाही." बरोबर बोलली. सपक, जिभेवर रेंगाळतच नाही. मी ते माठात ओतून ठेवायला लागलो. दुसऱ्या दिवशी मीटरवर ३ चे ४० झाले आणि जरा माणसात आलं. तांब्या-पितळेच्या भांड्यात मात्र ठेवू नका, हे पाणी धातू लवकर ओढतं. स्टील, काच किंवा माठच बरा. आणि पेट्रोल पंपावर बॅटरीसाठी मिळतं ते पिऊ नका. ते बरेचदा वाफ न करता क्षार शोषणाऱ्या रेझिनमधून काढलेलं असतं, आणि कॅनही खाण्यापिण्यासाठीचा नसतो.

घोडं अडतं ते खर्चापाशी. एका खेपेला साडेतीन युनिट. सगळे आकार धरून माझं युनिट ११ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे लिटरला जवळपास १० रुपये. वीस लिटरची कॅन दारात २० रुपयांत येते! यात यंत्राचा दोष नाही. एक लिटर पाण्याची वाफ करायलाच सुमारे ०.७ युनिट लागतं. पाच माणसांच्या घराला दिवसाला तीन खेपा लागतील, आणि होळीनंतर आमच्याकडे स्वयंपाकघरात पंधरा तास शेगडी कोण पेटवून ठेवणार?

तरी यंत्र परत पाठवलं नाही, कारण तुरीची डाळ. विहिरीच्या जड पाण्यात सहा शिट्ट्या दिल्या तरी दाणा टचटचीत. कॅल्शियममुळे डाळीतलं पेक्टिन, म्हणजे दाणा बांधून ठेवणारा चिकट पदार्थ, घट्ट होतं, म्हणून आमच्याकडे घरोघरी खायचा सोडा टाकतात. डिस्टिल्ड पाण्यात तीन शिट्ट्यांत लोणी, सोड्याशिवाय. आता आठवड्याला दोन खेपा काढतो, वरणाला आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीला.

मागच्या महिन्यात झाकणाचं रबर ढिलं पडून वाफ बाहेर यायला लागली. विकणाऱ्याला तीन मेल केले, उत्तर नाही. शेवटी बाजारात कुकर दुरुस्तीवाल्याकडून सिलिकॉनची गॅस्केट मापात कापून घेतली, ६० रुपयांत. ती चालतेय.