जळगाव-धुळ्यातली टीएमटी: पैसे कुठे वसूल होतात, कुठे नाही

हार्ट चेकअप पॅकेजच्या फलकावर टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवत घेतलेला ईसीजी) असते ती लिपिड प्रोफाइल आणि टू-डी इकोच्या मध्ये, जणू तीही रक्तासारखी सुईनं काढून घ्यायची गोष्ट. पण रक्ताचा आकडा कुणी काढला यावरून फारसा बदलत नाही. टीएमटीचा निकाल मात्र करून घेणाऱ्याच्या हातावर इतका अवलंबून असतो, की एकाच माणसाला एका ठिकाणी ‘निगेटिव्ह’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अँजिओग्राफी करून घ्या’ असं ऐकायला मिळू शकतं. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका दवाखान्याचं नाही. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार या पट्ट्यात साधारण हजार-दोन हजारांत होणाऱ्या या तपासणीचं आहे.

मशीनबद्दल तक्रारीला फार जागा नाही. जवळपास सगळीकडे ब्रूस पद्धतच चालते. सिएटलच्या रॉबर्ट ब्रूस यांनी साठच्या दशकात बसवलेली ही पद्धत दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढवते. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ, दुसरा ४ किलोमीटर आणि १२ टक्के, तिसरा ५.५ आणि १४, चौथा ६.८ आणि १६. तिसरा टप्पा पूर्ण केला म्हणजे साधारण १० मेट्स, अर्थात नुसतं बसून राहायला लागतो त्याच्या दहापट ऑक्सिजन. गुडघे दुखणाऱ्या किंवा साठी ओलांडलेल्या माणसाला थेट १० टक्के चढावर उभं करणं बरोबर नाही. त्यांच्यासाठी सुधारित ब्रूस असते, तिची सुरुवात सपाट पट्ट्यावर होते. मशीनमध्ये ती असतेच, फक्त कुणीतरी निवडावी लागते. बुकिंग करतानाच वय आणि गुडघ्यांचं सांगून ठेवा.

खरी परीक्षा पट्टा सुरू होण्याआधीच्या दहा मिनिटांची. छातीवर दहा इलेक्ट्रोड लागतात. हातापायांचे चार मनगट-घोट्याला लावले तर चालताना हलतात, म्हणून ते खांद्याजवळ आणि पोटाच्या खालच्या बाजूला सरकवतात. केस काढायचे, स्पिरिटनं तेल-घाम पुसायचा, कातडी हलकेच खरवडायची आणि मग इलेक्ट्रोड चिकटवायचा. हे झालं नाही तर पाचव्या मिनिटाला घामानं इलेक्ट्रोड सुटू लागतो, ईसीजीची रेघ वरखाली डोलते आणि संगणक त्या डोलण्यातून सरासरी काढून एसटी (ठोक्याच्या टोकानंतरचा रेघेचा तुकडा, हृदयाला रक्त कमी पडलं की तो खाली जातो) खाली गेल्याचा आकडा छापून मोकळा होतो. तो आकडा हृदयाचा नसून घामाचा असतो. टेक्निशियन दोन मिनिटांत दहा स्टिकर लावून ‘चला, चढा’ म्हणाला तर तिथेच दोन गुण कापा. बायकांसाठी पडदा, बाई टेक्निशियन आणि पुढून उघडणारा सुती झगा आहे का, हे फोनवरच विचारावं. सैल ब्राच्या पट्ट्याखाली हलणारी तार रेघ खराब करते, आणि तसंही बायकांमध्ये टीएमटी खोटी पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं.

दुसरी गोष्ट खान्देशात सोडून चालणार नाही: खोलीचं तापमान. मे महिन्यात बाहेर ४४ अंश असताना नुसत्या पंख्याखाली चाचणी घेतली तर शरीर गार ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळतं आणि नाडी त्याच श्रमाला जास्त धावते. ठरलेली नाडी मग दुसऱ्याच टप्प्यात गाठली जाते आणि रिपोर्टवर दमखम कमी दिसतो. खोली वीस-बावीस अंशांच्या आसपास हवी. एसी फक्त रिसेप्शनला असेल तर सकाळी आठची वेळ मागून घ्या.

आता ती ‘ठरलेली नाडी’. २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के. पंचेचाळीस वर्षांच्या माणसासाठी १७५ आणि त्याचे ८५ टक्के म्हणजे १४९. अनेक ठिकाणी १४९ दिसले की पट्टा बंद होतो आणि ‘टार्गेट गाठलं’ असं छापून येतं. हे चुकीचं आहे. त्या सूत्रातच दहा-बारा ठोक्यांचा इकडे-तिकडे फरक असतो, एखाद्याची खरी कमाल १९० असू शकते. चाचणी दम, थकवा किंवा त्रास होईपर्यंत न्यायची असते. १४९ हा किमान उंबरठा आहे. उलट, नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकरची गोळी घेणाऱ्याची नाडी तिथवर पोचतच नाही आणि चाचणी अपुरी राहते. ती गोळी थांबवायची का आणि किती दिवस आधी, हे चाचणी सांगणाऱ्या डॉक्टरनंच ठरवायचं. स्वतःच्या मनानं बंद करू नका.

दांडी धरून चालणं हा आपल्याकडचा सर्वात सार्वत्रिक दोष. घट्ट धरलं की बरंच वजन हातावर जातं, मशीन मात्र पूर्ण श्रम धरून मेट्स मोजतं. दांडी धरून नऊ मिनिटं काढलेल्या माणसाचे १० मेट्स खरे नसतात. तोल जात असेल तर दोन बोटं टेकवायची, मूठ आवळायची नाही. चांगला टेक्निशियन हे आधीच सांगतो आणि दर टप्प्याला बीपी घेताना अहिराणीत विचारतो, ‘छातीमा दुखस का?’ हा प्रश्न विचारला जाणं हेच चाचणीचं निम्मं मोल आहे, कारण छातीतली कळ कोणत्या मिनिटाला आली हे कुठलंही यंत्र सांगत नाही.

सुरक्षिततेचा गुण कुठे द्यायचा? डॉक्टर खोलीत हवा, शेजारच्या ओपीडीत नाही. डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) खोलीत आणि चार्ज केलेला हवा. लाल रंगाचं थांबवायचं बटण हाताशी हवं. वीज गेली की पट्टा झटक्यात थांबून माणूस पुढे पडू शकतो, म्हणून ट्रेडमिल यूपीएसवर आहे का हे विचारायला लाजू नका. धोका लहान आहे, हजारोंत एखाद्याला गंभीर त्रास होतो. पण त्या एखाद्यासाठीच ही सगळी तयारी असते. नुकताच हार्ट अटॅक आलेला, बसल्या जागी छाती दुखणारा, महाधमनीची झडप अरुंद होऊन चक्कर येणारा, अशा माणसाला पट्ट्यावर चढवणारं केंद्र सोडून द्यावं. चालताना वरचं बीपी वाढायच्या ऐवजी उतरू लागलं तर चाचणी तिथेच थांबली पाहिजे.

थांबल्यावरचा भाग सर्वात जास्त कापला जातो, कारण बाहेर पुढचा रुग्ण बसलेला असतो. किमान सहा मिनिटं तारा लावूनच बसवायला हवं. काही जणांत एसटीचा बदल पट्ट्यावर दिसतच नाही, विश्रांतीत उमटतो. शिवाय पहिल्या मिनिटात नाडी किती उतरली हा आकडा मोलाचा असतो. १२ किंवा त्याहून कमी उतरली तर ते चांगलं लक्षण नाही. रिपोर्टमध्ये हा आकडा नसेल तर मागून घ्या.

रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिणं म्हणजे काम अर्धवट टाकणं. एसटी किती मिलिमीटर, कोणत्या लीडमध्ये (ईसीजीच्या कोणत्या रेघेत), आडवी की खाली उतरती, कितव्या मिनिटाला, सोबत दुखलं का, एवढं तरी हवं. वर चढत जाणारी एसटी बहुतेकदा काहीच सांगत नाही. डॉक्टरनं ड्यूक स्कोअर (पुढच्या धोक्याचा अंदाज देणारा आकडा) काढला असेल तर उत्तम. मिनिटांतून एसटीचे मिलिमीटर गुणिले पाच वजा करायचे आणि दुखण्याचे गुण (नाही ०, दुखलं १, दुखून थांबावं लागलं २) गुणिले चार वजा करायचे. नऊ मिनिटं, एक मिलिमीटर, दुखणं नाही: +४, मध्यम. चार मिनिटं, दोन मिलिमीटर, दुखून थांबले: −१४, म्हणजे गंभीर. +५ आणि वर गेलात तर धोका कमी.

पैसे कुणाचे वसूल होतात? चढाला छातीत दाब येणाऱ्या, पण साधा ईसीजी ठीक असलेल्या माणसाचे. १९८९ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात टीएमटीनं हृदयाच्या रक्तवाहिन्यांत अडथळा असलेल्या शंभरांपैकी ६८ जण पकडले, आणि अडथळा नसलेल्या शंभरांपैकी ७७ जणांना बरोबर सोडलं. उरलेल्या २३ जणांना विनाकारण धडकी. ज्याला काहीच त्रास नाही, तंबाखू-मधुमेह नाही, त्यानं पॅकेजमध्ये आहे म्हणून करून घेतली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर तो त्या २३ मधलाच असण्याची शक्यता मोठी. डाव्या बाजूचा बंडल ब्लॉक (हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) असेल किंवा पेसमेकर चालू असेल तर ईसीजीची टीएमटी वाचताच येत नाही. हे आधी न बघता पैसे घेणं ही शुद्ध फसवणूक आहे.

पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी घाम गाळणाऱ्या पोरांनी ‘फिटनेस टेस्ट’ म्हणून ब्रूस करू नये. पाचव्या टप्प्याच्या १८ टक्के चढावर हृदयाआधी पोटऱ्या हार मानतात आणि सपाट मैदानाबद्दल काही कळत नाही. तोंडाला मास्क लावून ऑक्सिजन मोजणारी चाचणी वेगळी असते. ‘व्हीओटू मॅक्स’ (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा) छापून आलं पण मास्क नव्हता, तर तो आकडा मिनिटांवरून काढलेला अंदाज आहे. त्यापेक्षा थंडीतल्या सकाळी मेहरूण तलावाकाठी नाडी मोजणारा छातीपट्टा लावून तीस मिनिटं झेपेल तेवढं जोरात, पण एकसारखं पळा. शेवटच्या वीस मिनिटांची सरासरी नाडी ही सरावाची मर्यादा धरता येते. जानेवारीचा आकडा मेच्या आकड्याशी मात्र ताडू नका, उन्हात नाडी खोटं बोलते.

जाताना भरलेल्या पोटानं नको. भरीत-पुरी, शेवभाजी तीन तास आधी बंद, चहा आणि तंबाखूही. भूक फारच लागली तर दोन तास आधी एक केळं चालतं. चपला नको, बूट घाला. आणि रिपोर्टचा गुळगुळीत चकचकीत कागद थर्मल असेल तर घरी आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढा. तो कपाटावरच्या पिशवीत राहिला तर खान्देशच्या एकाच उन्हाळ्यात काळा तरी पडतो नाही तर कोरा, आणि पुढच्या वर्षी डॉक्टरला तुलनेसाठी लागते ती नेमकी तीच रेघ.